फवारणीची नोटीस : घर, कीड आणि अपंग भाडेकरूचा हक्क

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, की इतिहासाच्या व्याख्यानात ढेकूण आणि झुरळं कुठून आली? पण इतिहास नुसता दरबारात आणि रणांगणावर घडत नाही, तो स्वयंपाकघराच्या ओट्याखालीही घडतो. आज आपण एका कागदाचा इतिहास पाहणार आहोत. भाड्याच्या घरात राहिलेल्या प्रत्येकाने तो कधी ना कधी पाहिलेला असतो. दारावर किंवा जिन्यात चिकटवलेली नोटीस असते : 'अमुक तारखेला इमारतीत औषध फवारणी आहे. ओटा व कपाटे रिकामी ठेवावीत. सामान भिंतीपासून दूर सरकवावे. फवारणीनंतर सहा तास घराबाहेर राहावे.'

चार वाक्यांचा साधा कागद. पण तो लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक विशिष्ट माणूस आहे. त्या माणसाला वाचता येतं, त्याला दिसतं, तो वाकू शकतो, कपाट सरकवू शकतो, जिना उतरू शकतो, आणि सहा तास कुठेतरी जाऊन बसायला त्याला जागाही आहे. व्हीलचेअरवरची बाई, दृष्टिहीन गृहस्थ, दम्याचा जुना रोगी, घरात ऑक्सिजनच्या यंत्रावर असलेले आजोबा या नोटिशीत कुठेच नाहीत. त्यांना नोटीस मात्र तीच मिळते. तिचं पालन झालं नाही की 'भाडेकरू सहकार्य करत नाही' असा शेरा पडतो, आणि त्या शेऱ्यापासून घर सोडायला सांगण्यापर्यंतचं अंतर फार नसतं. आजच्या विषयात पणाला लागलेली गोष्ट ही आहे : माणसाचं डोक्यावरचं छप्पर.

आपण तीन प्रश्न धरून चालू. कीड मारायला घरात कोणी यायचं? काय घेऊन यायचं? आणि त्याआधी घरातल्या माणसाने काय करायचं? गेल्या सव्वाशे वर्षांत हे प्रश्न याच क्रमाने ऐरणीवर आले असं आमचं मत आहे. तिसऱ्या प्रश्नाकडे लक्ष जायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

पहिल्या प्रश्नासाठी आपल्याच मुंबईत जावं लागतं. सप्टेंबर 1896. मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी म्हणजे धान्याची गोदामं, उंदीर आणि खेटून उभ्या भाड्याच्या इमारती. ऑक्टोबरमध्ये पालिकेने अधिसूचना काढून रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलवायचे आणि घरं निर्जंतुक करायचे अधिकार घेतले. त्याच महिन्याच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आला. अवघ्या चार कलमांचा कायदा. त्याचं चौथं कलम असं, की या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कोणत्याही कृतीबद्दल कोणावरही दावा लावता येणार नाही. जरा विचार करा. घरात शिरायची मुभा देणारा कायदा, आणि शिरणाऱ्याला जाब विचारायची सोय नाही.

त्या काळी घरं 'शुद्ध' कशी करत? कार्बोलिक आम्लाने आणि पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणाने जमिनी आणि भिंती धुवायच्या, बंबाने पाण्याचे फवारे मारायचे, चुना फासायचा, उजेड यावा म्हणून छपराची कौलं काढायची, अंथरुणं-पांघरुणं जाळायची. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर तशी अक्षरं रंगवली जात. पुण्यात मार्च ते मे 1897 या काळात रँडच्या प्लेग समितीने सैनिकांकरवी घरोघर झडत्या घेतल्या. पुढचा इतिहास तुम्हांला पाठ आहे. 22 जून 1897 ची रात्र, गणेशखिंड, चाफेकर बंधू.

तो इतिहास आपण सहसा राष्ट्रवादाच्या अंगाने वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण आज तो भाडेकरूच्या अंगाने वाचून पाहू. झडतीच्या पथकाला आजारी माणूस शोधायचा होता. त्यामुळे अंथरुणात पडलेला प्रत्येक जण संशयित झाला. साध्या तापाच्या माणसांनाही उचलून नेल्याच्या तक्रारी तेव्हा झाल्या. मग जो वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेला आहे, ज्याला आपलं म्हणणं बोलून सांगता येत नाही, त्याची काय गत झाली असेल? कायद्याला त्याच्याशी संवाद करायचाच नव्हता.

दुसरी गोष्ट याहून बोचरी आहे. ज्या काळात हे चाललं होतं, त्या काळात रोग पसरतो कसा हे शास्त्रालाच नीट ठाऊक नव्हतं. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत उंदरावरच्या पिसवांमार्फत प्लेग पसरतो हे प्रयोगाने दाखवलं ते 1898 मध्ये, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे कार्बोलिकने जमीन धुतली जात होती आणि पिसू उंदराच्या अंगावर बसून शेजारच्या खोलीत जात होती. सक्ती आधी आली, समज नंतर. कीडनियंत्रणाच्या इतिहासात ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, म्हणून ती लक्षात ठेवू या.

आता दुसरा प्रश्न : काय घेऊन यायचं? 1939 साली पॉल म्युलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाला डीडीटीची कीटकनाशक शक्ती सापडली. 1948 मध्ये त्याला त्यासाठी नोबेल मिळालं. आपल्याकडे 1953 पासून राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमात घराच्या आतल्या भिंतींवर डीडीटी फवारली जाऊ लागली. त्याआधी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो असा सरकारी अंदाज होता. साठच्या दशकाच्या मध्याला नोंदलेले रुग्ण सुमारे 1 लाखावर आले. हे यश खरं आहे आणि ते नाकारायचं कारण नाही. पाठीवर पंप घेतलेला फवारणीवाला आणि भिंतीवर लिहिलेली फवारणीची तारीख ज्यांना आठवते, त्यांना हेही आठवत असेल, की त्या माणसाकडे लोक आशेने पाहत. मच्छर तर गेलेच, पण सुरुवातीला ढेकूणही गेले! त्याआधी खाटा उन्हात टाकायच्या, सांध्यांत रॉकेल सोडायचं, उकळतं पाणी ओतायचं, एवढेच उपाय घरोघरी होते.

पण याच काळात दुसरी बाजूही पुढे आली. 1958 साली केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक खाण्याच्या पदार्थांत मिसळलं गेलं आणि शंभराहून अधिक माणसं दगावली. त्या घटनेनंतर चौकशी झाली आणि पुढे 1968 चा कीटकनाशक कायदा आला. 1971 मध्ये त्याचे नियम झाले. घरात फवारणीचा धंदा करणाऱ्यालाही परवाना लागतो, तो याच व्यवस्थेखाली. तिकडे अमेरिकेत 1962 मध्ये रेचल कार्सन यांचं 'सायलेंट स्प्रिंग' आलं आणि 1972 मध्ये तिथे डीडीटीवर बंदी आली. म्हणजे 'काय फवारायचं' हा प्रश्न आता सार्वजनिक झाला होता. पण त्याचं उत्तर सरासरी माणूस धरून शोधलं जात होतं. निरोगी प्रौढ माणसाला किती मात्रा चालते, यावरून. ज्याचं शरीर त्या सरासरीत बसत नाही त्याचं काय, हा प्रश्न विचारायला वेगळी चळवळ लागली. ती अमेरिकेत उभी राहिली. म्हणून आता थोडा वेळ तिकडे जाऊ.

1968 च्या एप्रिलमध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, अमेरिकेत न्याय्य गृहनिर्माण कायदा झाला. घर भाड्याने देताना वंश, वर्ण, धर्म, राष्ट्रीयत्व यांवरून भेदभाव करायचा नाही. अपंगत्व त्यात नव्हतं. 1973 च्या पुनर्वसन कायद्यात कलम 504 आलं : केंद्र सरकारचा पैसा जिथे जातो तिथे अपंग व्यक्तीशी भेदभाव चालणार नाही. कलम झालं, पण त्याचे नियम काही निघेनात. तेव्हा एप्रिल 1977 मध्ये अपंग कार्यकर्त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत ठिय्या दिला. तीन आठवड्यांहून अधिक काळ ते तिथे राहिले. ज्यूडी ह्यूमन या त्यांच्या पुढारी होत्या. ज्यांना कुशीवर वळायलाही मदत लागते अशी माणसं कचेरीच्या फरशीवर झोपली. नियमांवर सही झाली. घरमालकाच्या नोटिशीशी याचा काय संबंध, असं वाटेल. संबंध असा, की 'अपंग माणसाला जगाशी जुळवून घ्यायला शिकवा' ही जुनी भूमिका इथे उलटली. जगानेही थोडं जुळवून घ्यावं, ही मागणी पुढे आली.

या मागणीला कायद्याच्या भाषेत जे नाव मिळालं, त्याचा उगम मोठा मजेशीर आहे. मराठीत आपण त्याला 'वाजवी सोय' म्हणू. हा शब्दप्रयोग मुळात अपंगत्वाच्या संदर्भातला नाहीच, तो धर्माच्या संदर्भातला! शनिवार पवित्र मानणाऱ्या कामगाराला शनिवारी कामावर बोलावलं तर काय करायचं, असा तो वाद होता. 1972 मध्ये अमेरिकेच्या नागरी हक्क कायद्यात दुरुस्ती झाली, की मालकाने कामगाराच्या धर्माचरणासाठी वाजवी सोय करावी, धंद्यावर असह्य भार पडत नसेल तर. तिथून ती कल्पना अपंगत्वाच्या कायद्यात आली. 1988 मध्ये न्याय्य गृहनिर्माण कायद्याची दुरुस्ती झाली, ती 1989 च्या मार्चपासून लागू झाली, आणि खासगी घरमालकही या तत्त्वाखाली आले. नियम, धोरण, पद्धत किंवा सेवा यांत वाजवी सोय करायला नकार देणं, आणि त्या सोयीवाचून अपंग व्यक्तीला घराचा समान उपभोग घेता येत नसेल तर तो नकार, हाच भेदभाव ठरला.

'हाच भेदभाव' या शब्दांवर जोर द्या बरं का. आधी भेदभाव म्हणजे वेगळं वागवणं असं आपण समजत होतो. आता कायदा म्हणतो, वेगळं वागवण्याची गरज असताना सर्वांना एकसारखं वागवणं हासुद्धा भेदभाव होऊ शकतो. सगळ्यांच्या दारावर सारखीच नोटीस लावली, म्हणजे सगळ्यांना समान वागवलं असं होत नाही.

आम्हां तत्त्वज्ञानाच्या माणसांना इथे ॲरिस्टॉटल आठवल्यावाचून राहत नाही. नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात न्यायाचं विवेचन करताना तो म्हणतो, की कायदा सर्वसामान्य भाषेतच बोलतो, आणि प्रत्यक्ष प्रसंग त्या भाषेत पुरता बसत नाही. तिथे दाखला देतो तो गवंड्यांच्या हत्याराचा. लेस्बॉस बेटावरचे गवंडी शिशाची पट्टी वापरत. ती ताठ नसे. दगडाला जसा आकार असेल तशी ती वळे. ताठ पट्टीने खडबडीत दगड मोजायला गेलं तर दोष दगडाला लागतो. घर बांधणाऱ्यांच्या हत्यारावरून घेतलेला हा दृष्टांत घराच्या कायद्याला किती चपखल लागू पडतो, पाहा. वाजवी सोय म्हणजे ती शिशाची पट्टी. नियम मोडत नाही, वळतो.

आता हा कायदा कीडनियंत्रणाला कधी भिडला? पहिली ठिणगी रसायनांवरून पडली. काही लोकांना रंग, कीटकनाशक, सुगंधी द्रव्यं यांच्या थोड्या संपर्कानेही तीव्र त्रास होतो. वैद्यकात या स्थितीच्या कारणांविषयी मतभेद आहेत. पण घर भाड्याने घेणाऱ्याला वैद्यकाचा वाद मिटेपर्यंत थांबता येत नाही. 1991 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या कॉमनवेल्थ न्यायालयापुढे अशाच एका भाडेकरूचं प्रकरण आलं. न्यायालयाने अपंगत्व मान्य केलं, पण मागितलेली प्रत्येक सोय मात्र जशीच्या तशी मंजूर केली नाही. 1992 मध्ये अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याच्या विधी विभागानेही ज्ञापन काढलं, की अशी रसायन-संवेदनशीलता न्याय्य गृहनिर्माण कायद्याखाली अपंगत्व ठरू शकते. 'ठरू शकते', सरसकट 'ठरते' नव्हे. ज्याचं त्याचं प्रकरण पाहून. फवारणीची आगाऊ सूचना मागण्याला, फवाऱ्याऐवजी जेल किंवा सापळे मागण्याला आता कायद्याचा आधार सापडला.

पण घोटाळा इथेच संपत नाही. फवारणी नको म्हणणारा जसा अपंग भाडेकरू आहे, तसा फवारणी लवकर करा म्हणणाराही आहे. 1997 मध्ये अमेरिकेतल्या शहरी गरीब वस्त्यांमधल्या दमा असलेल्या 476 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना झुरळांची ॲलर्जी होती आणि ज्यांच्या खोलीत झुरळांचे अंश जास्त होते, त्या मुलांना दम्यासाठी इस्पितळात भरती करायचं प्रमाण इतरांच्या तिपटीहून जास्त निघालं. म्हणजे दम्याच्या मुलाला झुरळही घातक आणि झुरळ मारायचा फवाराही त्रासदायक. म्हणून अपंग भाडेकरूचा हक्क दुहेरी आहे, असं आपण म्हणू. एक, कीड काढून मिळण्याचा हक्क. दोन, ती काढताना आपलं शरीर सांभाळलं जाण्याचा हक्क. यातला एकच धरला तर अन्याय होतो. 'तुम्हांला त्रास होतो ना, मग तुमचं घर आम्ही वगळतो' असं म्हणून मोकळं होणं हीसुद्धा सोय नव्हे. ती टाळाटाळ झाली.

यानंतर एकविसावं शतक उजाडलं आणि ढेकूण परत आले. डीडीटीच्या काळात अमेरिकेतून जवळपास नाहीसे झालेले ढेकूण नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून पुन्हा वाढले. त्यांच्यात नेहमीच्या पायरेथ्रॉइड औषधांना दाद न देणाऱ्या जाती तयार झाल्या होत्या. 2009 मध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ढेकणांवर राष्ट्रीय परिषदच भरवली. 2010 मध्ये न्यूयॉर्क शहरासाठी असा कायदा झाला, की नव्या भाडेकरूला घरातला आणि इमारतीतला आधीच्या वर्षाचा ढेकणांचा इतिहास लेखी द्यायचा.

आणि इथे आपला तिसरा प्रश्न खऱ्या अर्थाने पुढे आला : घरातल्या माणसाने काय करायचं? झुरळाला जेलचा ठिपका पुरतो. ढेकणाचं तसं नाही. सगळे कपडे आणि अंथरुणं पिशव्यांत भरायची, गरम पाण्यात धुवायची, कडक उष्णतेत वाळवायची, पलंग आणि कपाटं भिंतीपासून हलवायची, पुस्तकं, खण, पेट्या रिकाम्या करायच्या. अंडी औषधाने सहसा मरत नाहीत, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी हे सगळं पुन्हा. काही ठिकाणी घर यंत्राने पन्नास अंशांच्या वर तापवतात, तेव्हा आणखी काळजी. इन्शुलिन त्या उष्णतेत खराब होतं, ऑक्सिजनचं सिलिंडर घरात ठेवता येत नाही, विजेवर चालणाऱ्या खुर्चीच्या बॅटरीचा प्रश्न येतो.

ही तयारी धडधाकट माणसालाही दमवते. संधिवाताने बोटं वाकलेल्या बाईने पंधरा पिशव्या कशा बांधायच्या? दृष्टिहीन माणसाचं घर हे त्याच्या आठवणीत मांडलेलं असतं. मीठ कुठे, गोळ्या कुठे, काठी कुठे. परक्या हातांनी ते हलवून कसंही परत ठेवलं, तर त्याच्यापुरतं ते घर आठवडाभर परकं होतं. कर्णबधिर माणसाला दार वाजल्याचं कळत नाही. आणि अचानक किल्लीने दार उघडून मुखवटा घातलेली माणसं आत आली तर त्याच्या मनाची काय अवस्था होईल? वस्तू साठवून ठेवण्याचा मानसिक आजार असलेल्याला 'चोवीस तासांत घर रिकामं करा' म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला पळ म्हणण्यासारखं आहे.

2012 मध्ये अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याने सार्वजनिक घरांतल्या ढेकणांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. भाडेकरूने तक्रार केली की 24 तासांच्या आत त्याच्याशी संपर्क साधावा आणि उपचाराचा खर्च त्याच्यावर टाकू नये, असं त्यांत आहे. आणि वाजवी सोयीचं तत्त्व तर 1988 पासून होतंच. 2004 मध्ये तिथल्या गृहनिर्माण आणि न्याय खात्यांनी संयुक्त निवेदनात ते सोप्या भाषेत मांडलं. सोय तोंडी मागितली तरी चालते, ठरावीक शब्द वापरलेच पाहिजेत असं नाही. सोयीसाठी जादा शुल्क लावता येत नाही. अपंगत्व उघड दिसत असेल तर त्याचा पुरावा मागायचा नाही. मागितलेली सोय अवाजवी वाटली तर नुसतं 'नाही' म्हणून थांबायचं नाही, बसून दुसरा मार्ग शोधायचा. नोटिशीच्या भाषेत याचा अर्थ असा, की तयारीसाठी जास्त दिवस, सामान हलवायला माणूस, मोठ्या अक्षरांत किंवा फोनवर सूचना, दुसरं औषध, त्या दिवसापुरती दुसरी खोली.

आता घरमालकाची बाजू ऐकली पाहिजे, नाहीतर हे व्याख्यान न राहता घोषणा होईल. कीड भिंत मानत नाही. एका घरात फवारणी झाली नाही तर ढेकूण पाइपाच्या फटीतून शेजारी जातात. जॉन स्टुअर्ट मिलने 1859 साली सांगितलेलं तत्त्व असं, की व्यक्तीच्या स्वातंत्र्यावर बंधन घालायचं ते दुसऱ्याला होणारी इजा टाळण्यासाठी. मग शेजाऱ्याला इजा होत असताना एकाच्या सोयीसाठी किती थांबायचं? हा आक्षेप रास्त आहे. कायद्यानेही तो मानला आहे. सोय वाजवी हवी, मालकावर आर्थिक किंवा प्रशासकीय दृष्ट्या असह्य भार पडता कामा नये, आणि इतरांच्या आरोग्याला खरा धोका होत असेल आणि तो सोयीनेही टळत नसेल तर हक्काला मर्यादा आहे. मालक स्वतः राहतो अशा चार घरांपर्यंतच्या लहान इमारतीला तर त्या कायद्याच्या बऱ्याच तरतुदींतून सूट आहे.

पण मिलचं तत्त्व नीट लावलं तर ते भाडेकरूच्याच बाजूने जास्त बोलतं. शेजाऱ्याची इजा कशाने टळते? कीड मेल्याने. कीड कशाने मरते? तयारी नीट झाल्याने. ज्याला तयारी करता येत नाही त्याला माणूस दिला तर तयारी होते, कीड मरते, शेजारी सुटतो. दंडाची धमकी दिली तर तो माणूस ढेकूण लपवतो. आणि लपवलेला ढेकूण वाढतो. 1897 च्या पुण्यातही लोकांनी रोगी लपवलेच होते ना? सक्तीने माहिती आटते, आणि माहिती आटली की रोग आणि कीड दोन्ही वाढतात. म्हणून सोय ही इथे दया नव्हे, तो कीडनियंत्रणाचाच भाग आहे.

न्यूयॉर्क शहराने 2018 मध्ये केलेला एक कायदा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तीन किंवा अधिक घरांच्या इमारतीच्या मालकाने घरं उंदीर आणि झुरळांपासून मुक्त ठेवायची, आणि तीही एकात्मिक पद्धतीने. म्हणजे आधी फटी बुजवा, गळके नळ दुरुस्त करा, अन्नपाण्याची वाट बंद करा, औषध कमीत कमी वापरा. कायदा दम्याच्या रोग्यांना डोळ्यांसमोर ठेवून झाला, पण लाभ सगळ्यांना. हे नेहमीच असं होतं. उतार चाकाच्या खुर्चीसाठी बांधतात आणि त्यावरून बाबागाडी, सामानाची पिशवी, गुडघे दुखणारी आजी, सगळेच जातात.

आता आपल्याकडे येऊ. भारतात 1995 मध्ये अपंग व्यक्तींसाठी पहिला समग्र कायदा झाला. 2006 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा करार झाला, 2007 मध्ये भारताने तो मान्य केला, आणि त्यातून 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. तो एप्रिल 2017 पासून लागू आहे. आधीच्या सात प्रकारांऐवजी आता एकवीस प्रकार त्यात आले. पार्किन्सनसारखे चेतासंस्थेचे दीर्घ आजारही आले. वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव आहे, असं या कायद्याच्या व्याख्येतच लिहिलं आहे. 2021 मध्ये लेखनिकाच्या मागणीवरून आलेल्या विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या तत्त्वाचा विस्ताराने ऊहापोह केला.

मग भाडेकरूला काय मिळतं? इथे सावध राहिलं पाहिजे. सोय करण्याची मुख्य जबाबदारी या कायद्याने सरकारवर ठेवली आहे. खासगी आस्थापनेच्या व्याख्येत कंपनी, न्यास, सहकारी संस्था हे शब्द आहेत. म्हणजे आपल्या सहकारी गृहनिर्माण सोसायटीला 'हा कायदा आमच्यासाठी नाही' असं म्हणणं अवघड आहे. एकट्या घरमालकाचं नाव मात्र त्या व्याख्येत स्पष्टपणे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा. त्याच्या चौदाव्या कलमाप्रमाणे घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं मालकाचं काम. नोटीस देऊनही पंधरा दिवसांत त्याने केलं नाही, तर भाडेकरूने करून घ्यावं आणि वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत खर्च वळता करावा. अठ्ठाविसाव्या कलमाप्रमाणे मालकाला घर पाहायला यायचं असेल तर आधी सूचना देऊन, वाजवी वेळी. 1897 च्या साथरोग कायद्याशेजारी हे कलम ठेवा, म्हणजे शंभर वर्षांत दाराच्या उंबऱ्याने काय कमावलं ते कळेल. पण कीड ही दुरुस्तीत येते का, आणि अपंग भाडेकरूसाठी ती कशी काढायची, हे दोन कायदे अजून एकमेकांशी बोलत नाहीत. त्यात अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला मालकाशी वाद घालायची हिंमत नसते. त्याला भीती असते ती बाराव्या महिन्याची.

कायदे बोलू लागेपर्यंत थांबायलाच हवं असं नाही. तुमच्यातले कितीतरी जण सोसायटीच्या कार्यकारिणीवर असतील, कुणी फ्लॅट भाड्याने दिला असेल. पुढच्या वेळी ती नोटीस लिहाल तेव्हा खाली एक ओळ घाला : 'तयारीसाठी मदत लागत असल्यास, औषधाचा त्रास होत असल्यास किंवा घराबाहेर थांबणे शक्य नसल्यास कृपया आधी कळवावे, तशी व्यवस्था करू.' आणि औषधाचं नाव लिहा, फक्त 'औषध' असं नको. डॉक्टरला दाखवता आलं पाहिजे ना! सात-आठ दिवस आधी लावा, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला जाऊन सांगा. भाडेकरू असाल तर आपली अडचण लेखी द्या, आणि अडचणीबरोबर मार्गही सुचवा. फवारा नको, जेल चालेल. शनिवारी माझा भाचा येतो, त्या दिवशी करा.

एवढ्याने सगळं सुटेल असं नाही. ज्याच्याकडे भाचा नाही, सहा तास जायला दुसरं घर नाही, त्याचं काय, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेत तो कायद्याने मालकाच्या आणि शासनाच्या पदरात टाकला, तोही माणसं फरशीवर झोपल्यानंतर. आपल्याकडे तो अजून बहुतेक करून बहिणीच्या, सुनेच्या किंवा शेजारणीच्या पदरात आहे. शेजारधर्म मोठा आहे, तो असावाच. पण हक्क हा शेजारणीच्या सवडीवर अवलंबून राहता कामा नये. चाळीच्या खोलीत 1896 साली विचारला न गेलेला प्रश्न आज विचारायला हरकत नाही : आत येण्याआधी, या घरात कोण राहतं, हे आपण पाहिलं का?

इथे थांबतो. आता प्रश्नोत्तरांकडे वळू या.